नाताळचं धान

बोईसरला त्या काळी बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आम्ही रेल्वेचं फाटक बघायचो. फाटक पडलं की बैलगाड्या, गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया आणि तारापूरकडे निघालेली साहेबाची एखादी लांबलचक मोटार, सगळे एका रांगेत उभे राहायचे. तारापूरला समुद्राकाठी अणुवीजघराचं बांधकाम चालू झालं होतं आणि त्यासाठी अमेरिकन साहेब बायकापोरांसकट येऊन राहिले होते. मोटारीतल्या मडमेनं काच खाली केली, तर आमच्या चाळीला संध्याकाळपर्यंत तेवढा एक विषय पुरायचा.

आमचे हे त्या कामावर कारकून होते. अणू फुटणार तो आपल्या टेबलावरूनच जाऊन फुटणार, अशा थाटात ते रोज सकाळी कामगारांच्या ट्रकमध्ये चढायचे. डिसेंबर लागला आणि त्यांच्या कचेरीत नाताळचं वारं शिरलं. मोठ्या साहेबाला शुभेच्छा कशा द्यायच्या, हात आपण आधी पुढे करायचा की त्यानं करायची वाट बघायची, यावर डबा खाताना चर्चा झडू लागल्या. घरी आले की हे मला सांगायचे, "नाताळ म्हणजे काय, तुला कल्पना नाही. तिकडे बर्फ पडतो." बर्फ पडतो हे मला ठाऊक होतं. मी पालघरच्या शाळेतून मॅट्रिक झाले होते, हे मात्र लग्नानंतर बहुधा कोणाला ठाऊक राहिलं नव्हतं.

यांना बर्फातला नाताळ दिसत होता आणि भिंतीपलीकडचा दिसत नव्हता. आमच्या शेजारच्या खोलीत वसईकडचं एक ख्रिस्ती जोडपं राहायचं. नवरा बांधकामावर वेल्डर, बायको माझ्याच वयाची. साहेब लोकांचं विमान मुंबईत उतरलं, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिच्या घरी नाताळ होत आला होता. पण तो मराठीत होत असल्यामुळे आमच्या कचेरीच्या दृष्टीनं तो धरण्यासारखा नव्हता.

आमच्या सासूबाईंना तर ही शेजारीण म्हणजे एक कोडंच होतं. सासूबाई चिंचणीच्या. तिथं नारळ-चिकूची वाडी, घरचं भात, घरचा गूळ. माझा संसार लावून द्यायला म्हणून थोड्या दिवसांसाठी आल्या होत्या, आणि परत जायचा विषय निघाला की त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "ती त्या तारापूरच्या सायबांच्या नात्यातली का गं?" मी म्हटलं, नाही हो आई, वसईची आहे. "मग पातळ आपल्यासारखं नेसते, बोलते आपल्यासारखं, आणि कपाळ तेवढं मोकळं. असं अर्धंमुर्धं कशाला?" या प्रश्नाचं उत्तर मी आजतागायत शोधते आहे.

सासूबाईंचा एक कायदा होता. चाळीच्या अंगणात नळ एकच. त्याखाली आमचा हंडा आणि शेजारणीचा हंडा पाठोपाठ भरायचा. पाणी तेच. पण ते तिच्या उंबऱ्याआड गेलं की सासूबाईंना चालेनासं व्हायचं. तिच्या घरात त्या पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. तिच्या दारात मात्र रोज दुपारी वालाच्या शेंगा सोलत बसायच्या, ऊन उतरेपर्यंत. बसायच्या त्या अगदी उंबऱ्यावर. पाय बाहेर, पाठ आत. उंबऱ्यापर्यंत धर्म शाबूत राहतो आणि पलीकडे बुडतो, हे माप त्यांनी कुठून घेतलं होतं देव जाणे.

शेजारणीला त्याचं काही वाटतंय असं दिसायचं नाही. ती हसून म्हणायची, "वैनी, मावशींचं काय घेऊन बसलात? माझा सख्खा बाप माझ्या घरचं पाणी पीत नाय."

हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही दोघी कुलकुल वळत होतो. नाताळच्या फराळात हा गोडाचा पदार्थ करतात. पिठाची गोळी फणीच्या दातांवर दाबून गुंडाळायची म्हणजे शिंपल्यासारखी वळी होते, मग ती तळायची. नव्या कोऱ्या फण्या यासाठी मुद्दाम आणलेल्या होत्या. माझ्या वळ्या शिंपल्यासारख्या न होता सुरवंटासारख्या होत होत्या आणि ती त्या गुपचूप उलगडून पुन्हा वळत होती.

तिची आई ती लहान असतानाच गेलेली. बापानं वाढवलं. बाप वाडीवाला. केळी, पानवेल, विहिरीवर रहाट. आणि तिनं लग्न केलं ते किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मुलाशी. तोही ख्रिस्तीच. चर्च एक, पाद्री एक, प्रार्थना एक, मेल्यावर पुरायची जागासुद्धा एक. पण वाडीवाले कोळ्यांच्या घरी जेवत नाहीत. का, तर जेवत नाहीत. पूर्वजांनी धर्म बदलला तेव्हा बाकी सामान बरोबर घेऊनच बदलला होता. बाप लग्नाला आला नाही. लग्नानंतर ती दोनदा माहेरी गेली, तर हा मागच्या दारानं वाडीत गेला आणि ती निघेपर्यंत रहाट हाकत बसला. याला चार वर्षं झाली होती.

"आता येतायत," ती म्हणाली. तिचे हात थांबले. "भाऊ येऊन सांगून गेला. डहाणूला चिकूची कलमं घ्यायला जाणार हायत, नाताळच्या अगोदरच्या रविवारी. परत जाताना बोईसरला उतरतो म्हणाले. पण उभ्या उभ्या. पाणीबिणी काय ठेवू नको म्हणून सांगितलंय."

मी म्हटलं, "मग येतातच कशाला? फाटकातून बघून जा म्हणावं."

ती हसली नाही. मला वाटलं, आपली जीभ जरा आवरायला हवी होती.

"गोठा बघायला येतायत," ती म्हणाली.

गोठा म्हणजे नाताळात घरात मांडतात ते ख्रिस्तजन्माचं दृश्य. गवताचं छप्पर, मातीची गुरं, मेंढ्या, बाळ, आणि समोर हिरवं शेत. तिच्या बापाचा गोठा त्यांच्या गावात नावाजलेला होता. चर्चमधला गोठाही तोच मांडायचा. शेत हिरवं करायला तो पंधरवडाभर आधी ताटात माती घालून गहू नाहीतर नाचणी पेरायचा, आणि ते काम लहानपणी तो हिला हाताशी धरून शिकवत आला होता. बाकी माहेरचं काही तिच्याकडे आलं नव्हतं, एवढी एक विद्या आली होती. बापानं गोठा बघावा, ओळखावा, आणि मग खाली बसून पाणी प्यावं, असा तिचा बेत होता. बोलली नाही, पण फणीवर गोळी इतक्या जोरानं दाबत होती की मला कळलं.

मग तयारी सुरू झाली. पताकांचे कागद आणायला आम्ही पालघरला जायचं ठरवलं. आम्ही म्हणजे ती आणि मी. पण सकाळी स्टेशनात पोचलो तर सासूबाई आमच्या आधी येऊन बाकावर बसलेल्या. गुडघ्यांचं काय, असं मी विचारलं. "पालघरला दुखत नायत ते," त्या म्हणाल्या.

कोळशाच्या इंजिनाच्या शटलनं डोळ्यांत कण घालून आम्हाला पालघरला उतरवलं. बाजारात शेजारणीनं चांदणीसाठी पांढरा कागद काढायला सांगितला. नाताळात दारावर मोठी चांदणी टांगतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा तिच्या नवऱ्यानं करून ठेवला होता. सासूबाईंनी दुकानदाराच्या हातातला कागद मागे ढकलला.

"पांढरा नको. सणावारी पांढरं कसलं? लाल दाखव."

"मावशी, चांदणी पांढरी असते," शेजारीण म्हणाली.

"असेल. पण बाप येणार हाय ना तुजा? त्याला लांबून दिसली पायजे."

लाल कागद घेतला. परतीच्या गाडीत सासूबाईंनी तो मांडीवर धरला होता, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. ही बाई नाताळच्या तयारीत सामील आहे असं कोणी म्हटलं असतं तर तिनं तिथल्या तिथं गाडीची साखळी ओढली असती.

पुढच्या खेपेला चिंचणी. गोठ्यात घालायला समुद्राची वाळू, शिंपले आणि छपराच्या मागे उभ्या करायला सुरूच्या फांद्या हव्या होत्या. एसटीनं गेलो. सासूबाई आल्याच, पण आपल्या वाडीत एकदा नजर टाकायला, असं त्यांनी गाडीत चढतानाच जाहीर केलं. वाडीत त्या नजर टाकायला गेल्या त्या नारळ किती काढले आणि कोणी काढले यावरून दिरांशी भांडूनच परत आल्या. येताना सुरूच्या फांद्याही घेऊन आल्या. वाळूवर आम्ही दोघी शिंपले वेचत होतो तिथं फांद्या टाकून म्हणाल्या, "बुटक्या बुटक्या घेतल्या. मेंढरांच्या मानानं पायजेत ना."

परत येताना साहेबाच्या मोटारीनं आमच्या एसटीला मागे टाकलं. मोटारीच्या टपावर सुरूचं एक अख्खं झाड आडवं बांधलेलं. कचेरीतल्या बातम्यांनुसार साहेबांच्या घरी त्याला कागदी फुलं लावणार होते. गाडीतले सगळे माना लांब करून बघत राहिले. "फांदीनं भागतं त्याला झाड कशाला तोडायचं?" सासूबाई म्हणाल्या. माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेवर त्यांनी केलेली ही एकच टीका.

शेजारणीनं दोन पसरट ताटांत माती घालून गहू पेरले. आणि पेरले त्याच दुपारी तिच्या सासरहून निरोप आला. नणंद बाळंत झाली होती, घरात करायला कोणी नाही, ताबडतोब निघ. कोळी घरची सून म्हणून तिला बापानं टाकलं होतं, आणि आता सून म्हणून ते घर तिला हक्कानं बोलावत होतं. तिनं पिशवी भरली. जाताना दोन्ही ताटं माझ्या ओट्यावर ठेवली.

"वैनी, सकाळचं ऊन इथं येतं तिथंच राहू द्या. हातानं पाणी शिंपायचं, बस. मी शनिवारपर्यंत येतेच. गहू तेवढे बगा हां."

मी म्हटलं, बघते. आणि दोन दिवस बघितले. तिसऱ्या सकाळी आंघोळ करून बाहेर येते तर ओटा रिकामा.

ताटं आत, देवांच्या कोनाड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात. वर टोपली पालथी. समोर सासूबाई, ओलेत्यानं, हातात हळद कालवलेल्या पाण्याची वाटी.

"आई, हे काय? तिनं उन्हात ठेवायला सांगितलंय!"

"उनात?" सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू मी गहू नव्हे, मूलच उन्हात टाकून आले आहे. "देवाचं धान उनात ठेवतात? नवरात्रात घट बसवला तवा उनात ठेवला होता का मी?"

"आई, तो आपला घट. हा त्यांचा गोठा."

"देवापुढं पेरायचं ते पेरायचं. त्याला झाकून ठेवतात, हळदीचं पाणी घालतात. मग ते पिवळंधम्मक येतं, सोन्यासारखं. त्या पोरीला कोण सांगणार? आई नाय तिला. बाप्यांना यातलं काय कळतंय?"

मी म्हटलं, बापानंच शिकवलंय तिला. त्यावर त्या म्हणाल्या, "तेच तर."

यापुढं वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी यांना सांगून बघितलं. हे साहेबाला शुभेच्छा देण्याच्या तालमीत होते, आरशासमोर उभे राहून हात पुढे-मागे करत होते. म्हणाले, "आईला नवरात्राचा चांगला अनुभव आहे." झालं. मी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की टोपली उचलून ताटं दाराकडे सरकवायची आणि त्या उठल्या की ती परत कोपऱ्यात गेलेली असायची. रोज पहाटे आंघोळ झाल्याशिवाय त्या ताटाला हात लावत नसत. ज्या पोरीच्या घरचं पाणी चालत नव्हतं, तिच्या देवाचं शेत आमच्या बाळकृष्णाच्या पायाशी सोवळ्यात वाढत होतं. आणि वाढलंही असं, की काय सांगावं. वीतभर उंच, दाट, आणि पिवळं. हळदीच्या अंगासारखं पिवळं. सबंध ताटात औषधाला हिरवं पातं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी शेजारीण आली. पिशवी दारात टाकून आधी आमच्याकडेच धावली. सासूबाईंनी टोपली अशी उचलली की मला वाटलं, आता आतून कबूतर उडणार.

"बग," त्या म्हणाल्या. "कसं आलंय!"

शेजारणीनं बघितलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी चुलीकडे बघितलं. सासूबाईंचा चेहरा इतका फुललेला होता की तो मी पुढे नातू झाला तेव्हाच पुन्हा पाहिला.

"छान हाय, मावशी," ती म्हणाली. ताटं उचलून आपल्या खोलीत गेली.

मी मागोमाग गेले तर ती ताटासमोर फतकल मारून बसलेली. रडत नव्हती, नुसती त्या पात्यांवरून हात फिरवत होती. "पिवळं शेत," ती म्हणाली. "बाबा बोलतील, चार वरसांत एवढंपण विसरली. कोळ्याच्या घरी जाऊन शेतपण विसरली." तिच्या नवऱ्यानं आपल्या परीनं तोडगा काढला. कामावरून हिरवा रंग आणतो म्हणाला, लोखंडाला मारतात तो, एक हात मारला की झालं. तिनं मान हलवली. "बाबांना वास येईल." नवीन पेरायला वेळ नव्हता. गोठा मांडला. सुरूच्या फांद्या, वाळू, शिंपले, मातीची गाय, मेंढ्या, आणि समोर ते लखलखीत पिवळं शेत.

रविवारी दुपारी तो आला. आमच्या ओट्यावरून मला रस्ता दिसत होता. डोक्यावर जुन्या वाडीवाल्यांची लाल टोपी, काखेत छत्री, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली ओल्या गोणपाटातली कलमं. इतकी जपून धरलेली की मला चीड आली. लेकीला चार वर्षं हात लावला नव्हता या माणसानं.

तो दारात उभा राहिला. लाल चांदणीकडे बघितलं. लेक बाहेर येऊन वाकली, त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. जावयाकडे बघून मान हलवली. "बसा, बाबा," ती म्हणाली. "नको. गाडी हाय." मी मदतीच्या निमित्तानं आत येऊन भिंतीला टेकले होते. सासूबाई आपल्या जागी, उंबऱ्यावर, शेंगांचं सूप घेऊन. त्यांना ओलांडूनच तो आत आला होता. घरात आम्ही चौघंजण उभे आणि एक उंबऱ्यावर.

मग त्याची नजर कोपऱ्यात गेली. तो गोठ्याकडे गेला, वाकला. मेंढ्या बघितल्या, फांद्या बघितल्या. छपराची एक काडी सरळ केली.

"हे काय?"

त्यानं पात्यांना बोट लावलं.

"हे शेत हाय? असं शिकवलं होतं मी?"

"मी केलंय ते," उंबऱ्यावरून आवाज आला. "काय वाईट हाय त्यात?"

म्हातारा वळला. त्याला वाटत असावं, ही शेंगा सोलायला ठेवलेली बाई आहे. "तुमी? बाई, शेत हिरवं असतं."

"मार्गशीर्षात? मार्गशीर्षात कोणाचं शेत हिरवं असतं? आमच्या चिंचणीत भात कापून झालं कदीच."

"ते भाताचं. हे येशू जन्मला तिथलं शेत हाय. तिथं हिरवं होतं."

"तुमी बगितलं?"

"तुमी बगितलं?"

"मी बगायला कशाला पायजे? देवापुढचं धान पिवळंच असतं. उन्हापासून झाकून, हळदीचं पाणी घालून..."

"हळद?" म्हाताऱ्याच्या टोपीखाली कपाळ लाल झालं. "गव्हाला हळद? जखम झाली होती का त्याला? अहो बाई, अंधारात ठेवलं म्हणून रोप आजारी पडलंय ते. पांडुरोग झालाय! ऊन नसलं तर पात्यात जीव येत नाय, हे माझ्या वाडीवरची गडीमाणसंपण सांगतील."

"आजारी? हे बगा, वीतभर वाढलंय. आजारी रोप वाढतं का?"

"अंधारातलंच वाढतं! ऊन शोधायला लांब होतं ते. बसा, दाखवतो."

आणि दाखवायला तो स्वतःच खाली बसला. लेकीच्या घरच्या जमिनीवर, मांडी घालून. गोणपाट सोडलं, एक कलम काढलं, पान उलटं केलं, हे बघा म्हणाला. सासूबाईंना उंबऱ्यावरून दिसेना. त्या सूप घेऊन सरकत सरकत आत आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. दोन्ही पाय घरात होते.

पुढं जे झालं ते भांडण होतं, की दोन वाडीवाल्यांनी मन मोकळं करणं होतं, मला सांगता येत नाही. सासूबाईंनी कलम हातात घेऊन डोळ्यांशी धरलं, जोडावर नख लावून बघितलं आणि म्हणाल्या की डहाणूवाल्यानं तुम्हाला फसवलं, हा जोड धरणार नाही. त्यानं विचारलं, तुम्ही चिकू किती लावलेत आयुष्यात? त्यांनी आपली वाडी मोजून दाखवली, झाडन् झाड, मग दिरांनी लाटलेली झाडंही मोजली. त्यानं विहिरीचं खारं होत चाललेलं पाणी काढलं. त्यांनी आपल्या विहिरीचं काढलं. तेवढ्यात शटल आली, स्टेशनात थांबली, शिट्टी मारून विरारकडे निघून गेली. म्हाताऱ्यानं तिकडं मानसुद्धा वळवली नाही. त्याचा आवाज आता फाटला होता.

"ते काय नाय. मुळाला हळद लागली की... पाणी आण गं."

हे तो लेकीकडे न बघता म्हणाला. हात नुसता मागे केला. वाडीत काम करताना वर्षानुवर्षं जसा करत असेल, तसा. ती माठाशी गेली, तांब्या भरला, त्याच्या हातात दिला. त्यानं तो वर धरला, घटाघटा अर्धा रिकामा केला, तोंड पुसलं आणि "मुळाला हळद लागली की," असं पुन्हा सुरू करून थांबला.

हातातल्या तांब्याकडे त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. जावई दाराला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"मला नाय विचारलं कोणी," त्या म्हणाल्या. "मी काय कमी ओरडले?"

आणि त्याच्या हातातून तांब्या घेऊन, मान मागे टाकून, उरलेलं पाणी वरून धार धरून पिऊन टाकलं. एक थेंब त्यांच्या हनुवटीवरून गळ्यावर गेला, तो त्यांनी पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "हं. हळदीचं काय म्हणत होता?"

रिकामा तांब्या घेऊन शेजारीण पडद्याआड गेली. मी मागून गेले. ती माठासमोर तांब्या धरून उभी होती, भरत नव्हती. मला वाटलं होतं ती हसत असेल, निदान रडत असेल. तिचा चेहरा कोरडा होता.

"वैनी," ती म्हणाली, "एवढंच होतं?"

मला त्या क्षणी बाहेरच्या दोघांचाही असा राग आला की काय सांगू. चार वर्षांत दोनदा ही पोर माहेरच्या ओसरीवर बसून मागच्या रहाटाचा आवाज ऐकून परत आली होती. सासूबाईंना तर रोज ती आधी पाणी विचारायची आणि मग ओशाळून गप्प व्हायची. आणि होतं ते एवढंच. घसा सुकेपर्यंत कोणीतरी भांडायला हवं होतं.

"एवढंच होतं," मी म्हटलं.

बाहेरून तिच्या बापाचा आवाज आला, "अगं, पाणी आण."

"दोघांना," सासूबाईंनी पुस्ती जोडली.

ती हलेना. मी तिच्या हातातून तांब्या घेतला, माठात बुडवून काठोकाठ भरला आणि परत तिच्या हातात दिला.

"जा," मी म्हटलं. "तूच ने."